कर्नलच्या मेमरी कोडमधले डेडलॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड लिहिणारे मोजके, पण लिनक्स चालवणारी यंत्रं ढिगानं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या औद्योगिक वसाहतींत भट्टीचं तापमान बघणारा, लेथची आकडेवारी गोळा करणारा एखादा छोटा बोर्ड कुठं ना कुठं भिंतीवर टांगलेला असतोच. त्या बोर्डांचे ड्रायव्हर (हार्डवेअरचा एखादा भाग चालवणारा कोड) लिहिणारी मंडळी आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची काही पोरं रविवारी सकाळी राजारामपुरीत जमतात. तिथं जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं लिहून ठेवलेत. उत्तरं लिनक्सपुरती आहेत.

डेडलॉक म्हणजे मशिन हँग होणं, एवढंच ना?

नाही. हँग होण्याची कारणं शंभर, डेडलॉक त्यातलं एक. गळीत हंगामात कारखान्याच्या अरुंद रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की काय होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. रस्त्यावर एकच मावतो, प्रत्येकानं आपला निम्मा रस्ता धरलाय, दोन ट्रॉल्या घेऊन मागं सरकता येत नाही, आणि दोघंही एकमेकांची वाट बघतायत. कॉफमन आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये ज्या चार अटी मांडल्या त्या याच: वस्तू एका वेळी एकालाच मिळते, एक धरून दुसरीची वाट बघितली जाते, धरलेली हिसकावून घेता येत नाही, आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. चारपैकी एक अट मोडली तरी डेडलॉक होत नाही. कर्नलमध्ये बहुतेक वेळा चौथी मोडतात, म्हणजे लॉक (सामायिक वस्तूला एका वेळी सहसा एकाच थ्रेडला, चालू कामाच्या एका धाग्याला, हात लावू देणारं कुलूप) घेण्याचा क्रम ठरवून टाकतात.

मग मेमरीच्या कोडचं वेगळं काय? क्रम पाळला की झालं.

वेगळं हे की मेमरी मागणं हेच एक लॉक घेणं आहे, फक्त ते तसं दिसत नाही. केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागायची हाक) ही साध्या फंक्शनसारखी ओळ दिसते. पण मोकळी मेमरी ठरावीक पातळीखाली गेलेली असेल, तर मागणाऱ्या थ्रेडलाच आधी मेमरी मोकळी करायच्या कामाला जुंपलं जातं. याला डायरेक्ट रिक्लेम म्हणतात. मग तो थ्रेड स्वॅपवर (डिस्कवरच्या राखीव जागेत) पानं, म्हणजे मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे, लिहील, श्रिंकर (साठवून ठेवलेलं कमी करणारं फंक्शन) बोलावेल, श्रिंकर फाइलसिस्टिमचे आयनोड (फाइलींच्या माहितीच्या नोंदी) काढायला जाईल, आणि तिथं कुणाचा कुठला लॉक लागेल ते तुमच्या ओळीत कुठंच लिहिलेलं नसतं. तुम्ही हातात एक लॉक धरून केमॅलॉक केला असेल आणि वाटेत रिक्लेमला तोच लॉक हवा झाला, की तुमचा थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो.

हे माझं मत म्हणून सोडून देऊ नका. लॉकडेपनंसुद्धा, म्हणजे लॉकांचा क्रम तपासणाऱ्या कर्नलमधल्याच साधनानं, मेमरी मागण्याला लॉकच मानलंय. ‘एफएस रिक्लेम’ नावाचा एक लटका लॉक 2017 पासून कर्नलमध्ये आहे. तो कशाचंच रक्षण करत नाही. अॅलोकेशनच्या, म्हणजे मेमरी मागण्याच्या, वेळी तो घेतल्याची नुसती नोंद होते, म्हणजे क्रमाच्या हिशेबात अॅलोकेशनही येतं. ज्याला या पानावरचं एकच काही लक्षात ठेवायचंय, त्यानं हे ठेवावं. बाकीचे निम्मे प्रश्न यातूनच सुटतात.

जीएफपीचे (मेमरी मागताना सोबत द्यायच्या सूचनेचे) इतके प्रकार कशाला? मी कायम जीएफपी कर्नल वापरतो, काही झालं नाही.

काही झालं नाही, कारण तुमच्या लॅपटॉपवर 16 जीबी रॅम आहे आणि रिक्लेमची वेळच आली नाही. 256 एमबीच्या बोर्डावर ती रोज येते.

जीएफपी कर्नल म्हणजे ‘झोपलो (थांबून वाट बघितली) तरी चालेल, रिक्लेम करताना फाइलसिस्टिममध्ये शिरलास तरी चालेल’. जीएफपी नोएफएस म्हणजे रिक्लेम कर, पण फाइलसिस्टिमला हात लावू नको. जर्नलचं (फाइलसिस्टिमच्या बदलांच्या नोंदवहीचं) ट्रान्झॅक्शन उघडं असताना हेच लागतं, कारण रिक्लेमनं एखादा आयनोड काढायला घेतला तर त्यालाही तेच जर्नल हवं असतं. जीएफपी नोआयओ त्याहून कडक: नवीन आयओ (डिस्कवरचं लिहिणं-वाचणं) सुरूच करू नको. डिस्कच्या ड्रायव्हरच्या पातळीवर हे वापरतात. जीएफपी नोवेट झोपत नाही, मिळालं तर मिळालं. आणि जीएफपी अॅटॉमिक झोपत तर नाहीच, वर राखीव साठ्यात हात घालतो.

मग सगळीकडे नोएफएस लावून टाकलं तर?

पूर्वी लोकांनी हेच केलं आणि त्याचा त्रास झाला. प्रत्येक ओळीवर नोएफएस लिहिलं की रिक्लेमचे हात बांधले जातात, मेमरी असून मोकळी होत नाही; आणि मुख्य म्हणजे नेमकं कुठल्या लॉकमुळं ते लिहिलंय हे दोन वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही. शिवाय तुम्ही बोलावलेल्या दुसऱ्याच्या फंक्शनमध्ये जीएफपी कर्नल असेल तर तुमची सगळी काळजी वाया.

म्हणून आता पद्धत अशी की जिथून धोक्याचा भाग सुरू होतो तिथं ‘मेमअॅलॉक नोएफएस सेव्ह’ आणि तो संपतो तिथं ‘रिस्टोअर’. मधल्या भागात कुणीही, कितीही खोलवर, कुठलंही अॅलोकेशन केलं तरी ते आपोआप नोएफएस होतं. नोआयओसाठी अशी जोडी कर्नलच्या 3.9 आवृत्तीपासून आहे, नोएफएससाठी 2017 च्या 4.12 पासून. शेजारी एका ओळीत कारण लिहा: कुठला लॉक, कुठल्या वाटेनं परत येईल.

आणि सगळीकडे अॅटॉमिक?

नको. तो साठा इंटरप्टसारख्या (हार्डवेअरनं मध्येच दिलेली हाक) अडलेल्या कामांसाठी ठेवलेला आहे. शिवाय अॅटॉमिक मागणी हमखास फसू शकते आणि ते फसणं हाताळणारा कोड तुम्ही लिहिलेला नसतो.

ड्रायव्हरमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसणारा डेडलॉक कोणता?

इथं जरा थांबून सांगतो, कारण आपल्याकडं येणाऱ्या केसेसमध्ये हाच पहिला.

एका विक्रेत्याच्या बोर्डाबरोबर आलेला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर. त्यात एक म्युटेक्स (मिळेपर्यंत थ्रेडला झोपवणारा लॉक), समजा ‘डिव्हाइस लॉक’. आयओसीटीएलमध्ये (प्रोग्रॅमनं ड्रायव्हरला हुकूम द्यायच्या फंक्शनमध्ये) पहिल्याच ओळीला तो घेतलाय, आणि काम संपल्यावर तो धरूनच कॉपी टू यूजर केलंय. आता कॉपी टू यूजर म्हणजे यूजरच्या, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या, पानाला हात लावणं. ते पान रॅममध्ये नसेल तर पेज फॉल्ट होतो (कर्नल ते पान आत आणायला जातो), आणि पेज फॉल्टला त्या प्रोसेसचा एममॅप लॉक (तिच्या मेमरीच्या नकाशाचा लॉक) वाचण्यासाठी लागू शकतो. म्हणजे इथं क्रम झाला: आधी डिव्हाइस लॉक, मग एममॅप लॉक.

त्याच ड्रायव्हरचा एममॅप हँडलर (बफर प्रोसेसच्या मेमरीत जोडून देणारं फंक्शन) बघा. कर्नल तो बोलावतो तेव्हा एममॅप लॉक लिहिण्यासाठी घेऊनच बोलावतो. आणि ड्रायव्हरवाल्यानं त्यात बफरची यादी बघण्यासाठी डिव्हाइस लॉक घेतलाय. क्रम उलटा.

एका थ्रेडनं आयओसीटीएल आणि त्याच प्रोसेसच्या दुसऱ्या थ्रेडनं एममॅप अगदी एका वेळी केलं, आणि त्याच क्षणी पान रॅमबाहेर असलं, तरच हे अडकतं. टेबलावर महिनोन्‌महिने अडकत नाही. कारखान्यात मेमरी भरली, पानं बाहेर गेली, की अडकतं.

इलाज सोपा आहे आणि तोच कायम करायचा. यूजरकडून जे घ्यायचं ते लॉक घेण्याआधी स्थानिक चलात कॉपी करा. लॉक घ्या, काम करा, निकाल स्थानिक चलात ठेवा, लॉक सोडा, मग यूजरला द्या. म्युटेक्सऐवजी स्पिनलॉक (न झोपता फिरत वाट बघायला लावणारा लॉक) असेल तर प्रश्न क्रमाचाही नाही. स्पिनलॉक धरून झोपायचंच नसतं आणि पेज फॉल्ट झोपू शकतो.

वाचण्यासाठी घेतलेला लॉक तर सगळ्यांना एकदम मिळतो. मग एकाच थ्रेडनं तो दोनदा घेतला तर बिघडलं कुठं?

मध्येच लिहिणारा येऊन उभा राहिला की बिघडतं. पहिल्या थ्रेडनं एममॅप लॉक वाचण्यासाठी घेतला. दुसरा लिहिण्यासाठी मागतो आणि रांगेत उभा राहतो. लिहिणाऱ्याची उपासमार होऊ नये म्हणून कर्नलचा सेमाफोर (हा वाचण्या-लिहिण्याचा लॉक) त्याच्यानंतर आलेल्या वाचणाऱ्यांना मागं ठेवतो. आता पहिला थ्रेड पुन्हा वाचायला मागतो आणि लिहिणाऱ्याच्या मागं लागतो. लिहिणारा पहिल्याची वाट बघतोय, पहिला लिहिणाऱ्याची.

6.4 पासून बरेचसे पेज फॉल्ट एममॅप लॉक न घेता त्या एका व्हीएमएच्या (मेमरीच्या एका सलग पट्ट्याच्या) लॉकवर भागतात. ‘मग आता चालेल’ असं कुणी म्हणतं. चालणार नाही. तो मार्ग जमला नाही की कर्नल परत एममॅप लॉकवरच येतो.

राइटमध्येही पेज फॉल्ट होतो का?

होतो, आणि हा डेडलॉक मला सगळ्यात देखणा वाटतो. एक फाइल एममॅप करा. मग त्याच फाइलच्या त्याच पानावर राइट करा, आणि लिहायचा मजकूर म्हणून तेच एममॅप केलेलं पान द्या. कर्नल पेज कॅशमधल्या (फाइलच्या रॅममधल्या प्रतीतल्या) त्या पानाला लॉक लावतो आणि यूजरच्या पत्त्यावरून कॉपी सुरू करतो. तिथं पेज फॉल्ट होतो, फॉल्ट हँडलरला पान भरायला त्याचाच लॉक हवा, आणि तो तर आपल्याच हातात. एकच थ्रेड, एकच पान, खेळ खलास.

म्हणून पान लॉक असताना कॉपी होते ती पेज फॉल्ट बंद ठेवून. अर्धवट राहिली तर लॉक सोडायचा, मूळ पान आत आणायचं, आणि पुन्हा प्रयत्न करायचा. एममॅपच्या कोडमध्ये जिथं जिथं ‘सोडा, आणा, पुन्हा करा’ अशी चाल दिसेल, तिथं मागं असलंच काहीतरी असतं.

लॉकांचा ठरलेला क्रम कुठं लिहिलेला आहे?

कर्नलच्या कोडमधल्या एमएम डिरेक्टरीतल्या आरमॅप डॉट सी फाइलच्या अगदी माथ्यावर. फाइलमॅप डॉट सी मध्येही आहे. ढोबळमानानं: आधी आयनोडचा लॉक, मग एममॅप लॉक, मग पानाचा म्हणजे फोलिओचा लॉक, मग फाइल मॅपिंगचा आणि अॅनॉन व्हीएमएचा (फाइलशी न जोडलेल्या, म्हणजे निनावी, मेमरीचा), आणि शेवटी पेज टेबलचा (पत्त्यावरून पान शोधायच्या तक्त्याचा) स्पिनलॉक. छापून टेबलासमोर चिकटवण्यासारखी ही एकच टिप्पणी आहे.

या क्रमातून एक अडचण लगेच दिसते. राइट करताना आयनोडचा लॉक आधी आणि पेज फॉल्टमुळं एममॅप लॉक नंतर येतो. म्हणजे फॉल्ट हँडलरला, एममॅप लॉक हातात असताना, आयनोडचा लॉक घेता येत नाही. मग फाइल कापली (लहान केली) जात असतानाच फॉल्ट आला तर? त्यासाठी ‘इनव्हॅलिडेट लॉक’ नावाचा वेगळा लॉक 2021 मध्ये, 5.15 आवृत्तीत सगळ्या फाइलसिस्टिमसाठी एकत्र आणला. त्याआधी प्रत्येक फाइलसिस्टिमचा आपापला जुगाड होता.

एकाच जातीचे दोन लॉक घ्यायचे असतील तर क्रम कसा ठरवायचा?

पत्त्यावरून. ज्या लॉकचा मेमरीतला पत्ता लहान, तो आधी. दोन पेज टेबलांमध्ये पानं हलवणारा यूजरफॉल्टएफडीचा (पेज फॉल्ट प्रोग्रॅमकडं सोपवणाऱ्या सोयीचा) कोड असंच करतो. फोर्कमध्ये (एका प्रोसेसपासून दुसरी बनवताना) पालकाचा एममॅप लॉक धरून पोराचा घेतात. तिथं धोका नसतो, कारण नुकत्याच जन्मलेल्या पोराचा लॉक दुसऱ्या कुणाच्या हातात असणार नाही. फक्त लॉकडेपला तसं सांगावं लागतं.

परीक्षेला बँकर्स अल्गोरिदम (मागणी पुरवण्याआधी डेडलॉकचा धोका तपासणारा) येतो. तो लिनक्समध्ये कुठं आहे?

कुठंच नाही. त्याला प्रत्येक प्रोसेसची जास्तीत जास्त मागणी आधीच ठाऊक लागते, आणि कर्नलला ती कधीच ठाऊक नसते. शिवाजी विद्यापीठाच्या पेपरात दहा मार्क मिळत असतील तर जरूर सोडवा.

ट्रायलॉक वापरला की डेडलॉक होऊच शकत नाही, बरोबर?

वाट न बघितल्यामुळं वर्तुळ पूर्ण होत नाही, हे खरं. श्रिंकरमध्ये तर ट्रायलॉकच वापरावा: लॉक मिळाला तर काम करा, नाही मिळाला तर ‘आत्ता जमत नाही’ सांगून बाहेर पडा. पण ट्रायलॉक लूपमध्ये घालून मिळेपर्यंत फिरवत राहिलात तर तो डेडलॉकच आहे, वर सीपीयूही जाळणारा. आणि टाइमआउट लावून सुटका करून घेणं म्हणजे रोग झाकून ठेवणं. माझ्यापुढं असा पॅच आला तर मी परत पाठवतो.

लॉकडेपचा रिपोर्ट बघितला की घाबरायला होतं. तो वाचायचा कसा?

लॉकडेप 2006 मध्ये 2.6.18 मध्ये आला, इंगो मोलनार आणि आर्यन व्हॅन डे व्हेन यांचं काम. तो एकेक लॉक बघत नाही, लॉकची जात बघतो. ‘अ’ धरून ‘ब’ घेतला हे सोमवारी दिसलं आणि ‘ब’ धरून ‘अ’ घेतला हे गुरुवारी दिसलं, मशिन मध्ये बंद झालं नसेल, तर तो ओरडतो. प्रत्यक्ष अडकायची गरजच नाही. पेज फॉल्ट झाला नाही तरी, कॉपी टू यूजरमध्ये तो होऊ शकतो एवढ्यावरच नोंद घेतली जाते. वरचा कॅमेरा ड्रायव्हर त्यानं पहिल्या दहा मिनिटांत पकडला असता.

रिपोर्टमध्ये आधी दोनच ओळी शोधा: ‘हा लॉक घ्यायचा प्रयत्न करतोय’ आणि ‘हा लॉक आधीच हातात आहे’. ही झाली आजची बाजू. त्याखाली आधीची साखळी उलट्या क्रमानं असते. शून्य क्रमांकाची नोंद सगळ्यात खाली, ती आजची. एक, दोन अशा वरच्या नोंदी आधी कधीतरी दिसलेल्या. वरच्या नोंदींचे कॉल स्टॅक वाचा, कारण दोषी बहुधा तिथं असतो आणि लोक आजच्या स्टॅकवरच अडून बसतात. साखळीत एफएस रिक्लेम दिसला तर समजा की कुणीतरी लॉक धरून मेमरी मागितली आहे, आणि रिक्लेमच्या वाटेत तोच लॉक लागतोय. शेवटी दोन सीपीयूंचं छोटं चित्र असतं. साखळी दोनाहून लांब असेल तर ते चित्र फारसं कामाचं नाही.

पहिला इशारा दिला की लॉकडेप स्वतःला बंद करून घेतो. त्यामुळं ‘तो पहिला इशारा वायफायचा आहे, सोडून द्या’ असं करू नका. तो मिटवल्याशिवाय तुमच्या कोडची तपासणी सुरूच होत नाही.

लॉकडेप गप्प आहे म्हणजे कोड सुरक्षित?

जी वाट चालली गेली तेवढीच त्याला दिसते. चूक झाली तरच चालणारा कोड कधी चाललाच नसेल तर तो काय सांगणार? दुसरं, पानाचा लॉक हा फ्लॅगमधला एक बिट आहे, त्यावर लॉकडेपची नजर नाही. मेमरीच्या कोडमध्ये हे मोठं भोक आहे. तिथं डोळ्यांनीच वाचावं लागतं.

शेवटी ओओएम किलर आहेच ना? मेमरी संपली की तो कुणालातरी मारतो आणि सुटका होते.

मारतो म्हणजे सिग्नल देतो. मरायचं काम त्या प्रोसेसला स्वतःच करायचं असतं, आणि मरायलाही लॉक लागतात.

असं समजा: एका प्रोसेसचे दोन थ्रेड. एकानं एममॅप लॉक लिहिण्यासाठी धरलाय आणि मेमरी मागतोय. दुसऱ्याला बाहेर पडताना तोच लॉक हवाय. किंवा त्याहून वाईट: ज्याला मारायला निवडलंय तो एका लॉकसाठी झोपलाय, आणि तो लॉक धरणारा भलताच थ्रेड मेमरीची वाट बघतोय. मेमरी बळी मेल्यावरच मिळणार, बळी लॉक मिळाल्यावरच मरणार. त्यात भर म्हणजे छोट्या मागण्या, 4 केबीची पानं धरली तर 32 केबीपर्यंतच्या, कर्नल सहसा नाकारतच नाही, फिरत राहतो. 2014 च्या शेवटी कर्नल विकसकांत यावर मोठी चर्चा झाली. अनेकांना तोवर वाटत होतं की केमॅलॉक फसला तर आपला एरर हँडलिंगचा कोड चालतो. तो कोड जवळजवळ कधी चालतच नव्हता.

2016 च्या 4.6 मध्ये ओओएम रीपर आला. बळी मरायची वाट न बघता तो बाहेरूनच त्याची निनावी पानं मोकळी करतो. पण त्यालाही एममॅप लॉक वाचण्यासाठी लागतो. तो ट्रायलॉक करतो, काही वेळा प्रयत्न करतो आणि नाद सोडतो. म्हणून ओओएम किलरवर भरवसा ठेवून कोड लिहू नका.

लॉकच नाहीत तर डेडलॉक कसा? मी फक्त वर्कक्यू (नंतर करायच्या कामांची रांग) वापरतो.

वाट बघणं हाच लॉक. लॉक धरून फ्लश वर्क केलं (काम संपेपर्यंत थांबलं) आणि त्या वर्कला तोच लॉक हवा असला की संपलं. मेमरीचा धागा इथंही आहे: वर्क चालवायला नवा थ्रेड लागला आणि तो बनवायला मेमरीच नसली तर? तुमचं वर्क रिक्लेमच्या वाटेवर असेल, तर वर्कक्यू बनवताना ‘मेम रिक्लेम’चा फ्लॅग द्या. मग एक राखीव थ्रेड आधीच तयार ठेवला जातो. मेमपूलचंही तसंच, त्यात काही वस्तू आधीच बाजूला काढलेल्या असतात. पण एकाच पूलमधून एक धरून दुसरी मागू नका. सगळ्यांनी एकेक धरली की दुसरी कुणालाच मिळत नाही.

इंटरप्ट बंद करून घेतले की निर्धास्त?

एका बाजूनं. दुसऱ्या बाजूनं नवा खड्डा: एका सीपीयूनं स्पिनलॉक धरून टीएलबी फ्लशचा (पत्त्यांच्या जुन्या नोंदी पुसण्याचा) निरोप सगळ्यांना पाठवला आणि उत्तराची वाट बघतोय, दुसरा सीपीयू इंटरप्ट बंद करून त्याच स्पिनलॉकवर फिरतोय, त्याला निरोप पोचतच नाही. 64-बिट आर्म प्रोसेसरवर टीएलबी फ्लश हार्डवेअरच सगळीकडे पोचवतं, त्यामुळं बोर्डावर हे दिसत नाही आणि इंटेलच्या मशिनवर दिसतं.

बोर्ड कारखान्यात अडकलाय. रीसेट मारण्याआधी काय बघू?

आधी बघा की पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी) कमांड लटकते का. पूर्ण कमांड लाइन दाखवायला पीएसला प्रत्येक प्रोसेसची मेमरी वाचावी लागते, त्यासाठी त्या प्रोसेसचा एममॅप लॉक. एकाच प्रोसेसपाशी येऊन पीएस थिजत असेल, तर त्याच प्रोसेसचा एममॅप लॉक कुणीतरी धरून बसलंय. प्रॉकमधली (कर्नल प्रोसेसची माहिती देतो ती डिरेक्टरी) कॉम फाइल वाचा, तिला तो लॉक लागत नाही, नाव कळेल.

मग सिरियल कन्सोलवरून ब्रेक पाठवून सिसआरक्यूचं (कर्नलला थेट द्यायच्या हुकमांपैकी) डब्ल्यू: अडकलेल्या सगळ्या थ्रेडचे स्टॅक येतात. कर्नलमध्ये लॉकडेप असेल तर डी: कुणाच्या हातात कुठला लॉक ते येतं. एम दिलं की मेमरीची स्थिती. हंग टास्कचा इशारा मूळ सेटिंगला 120 सेकंदांनी येतो, तेवढं थांबा. भट्टी चालू असेल तर अर्थातच आधी ऑपरेटरला विचारा.

घरी सराव करायला काय लागतं?

साधा लॅपटॉप आणि क्यूएमयू (व्हर्च्युअल मशिन चालवणारा प्रोग्रॅम). व्हर्च्युअल मशिनला मुद्दाम 512 एमबीच द्या, स्वॅप फाइलवर ठेवा, कर्नलमध्ये ‘प्रूव्ह लॉकिंग’, ‘डीबग अॅटॉमिक स्लीप’ आणि ‘डिटेक्ट हंग टास्क’ चालू करा, आणि स्ट्रेस-एनजीनं मेमरी पिळा. अॅलोकेशन मुद्दाम फसवणारं फॉल्ट इंजेक्शनही कर्नलमध्येच आहे. लॉकडेपनं मशिन बरंच मंदावतं, त्यामुळं ग्राहकाला द्यायच्या बोर्डात तो ठेवू नका.

रविवारी येताना काय आणू?

कर्नलची आवृत्ती, कॉन्फिग फाइल, आणि बूट झाल्यापासूनचा पूर्ण सिरियल लॉग मजकूर म्हणून. शेवटचा इशारा नको, पहिला हवा. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो आणू नका, निम्मा स्टॅक वर सरकून गेलेला असतो आणि मग सगळा रविवार अंदाज बांधण्यात जातो.